‘ठीक आहे’ म्हटले आणि नोंद गेली

(मोबाईलवरचे मराठी शब्द येतात कोठून, आणि आपली भाषा फोनला कळते कशी?)



गेल्या हंगामापूर्वीची गोष्ट आहे. तोडणी कार्यक्रमाच्या याद्या गटकार्यालयात लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी एक वयस्कर सभासद येऊन बाकावर बसले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, आपणही तात्याच म्हणू. दीड एकर आडसाली, लागण आदल्या वर्षीच्या जुलैतली. नोंद कारखान्याच्या मोबाईल ॲपवर वेळेत केलेली आणि नोंद मिळाल्याचा मेसेजही फोनमध्ये जपून ठेवलेला. पण यादीत नाव नाही.

संगणकावर पाहिले. नोंद होती, पण तिच्यापुढे ‘सभासदाने रद्द केली’ असा शेरा होता. तात्या भडकले. “मी कशाला रद्द करीन? पंधरा महिने पाणी पाजलं ते काय बांधावर वाळवायला?” त्यांचा राग रास्त होता. हळूहळू खुलासा झाला तो असा. नोंद केल्यावर दोन दिवसांनी तात्यांनी ॲप पुन्हा उघडले. कोठेतरी बोट लागले आणि पडद्यावर प्रश्न आला, ‘नोंद रद्द करायची आहे?’ खाली दोन बटणे होती. एकावर ‘ठीक आहे’, दुसऱ्यावर ‘रद्द करा’. तात्यांना नोंद रद्द करायची नव्हती, म्हणून ‘रद्द करा’ ह्या बटणाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. ‘ठीक आहे’ दाबले. “आपण कसं म्हणतो, ठीक आहे, राहू द्या. तेच म्हटलं मी.”

फोनला मात्र त्याचा अर्थ कळला तो ‘ठीक आहे, करा रद्द’ असा.

शेतकी अधिकाऱ्यांनी प्लॉटची पाहणी करून नोंद मूळ तारखेने पूर्ववत केली. तरी पहिल्या यादीतली पाळी गेली ती गेलीच. तात्यांचा ऊस तीन आठवडे उशिरा तुटला आणि त्या रानातला हरभरा मागे पडला. लागणीच्या तारखेवर काय काय अवलंबून असते हे सभासदांना सांगायला नको.

आता एक कबुली देणे भाग आहे. ॲपमधल्या मराठी शब्दांची यादी तपासून सही करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. ‘ठीक आहे’ ह्या शब्दावर मी बरोबरची खूण केली होती, आणि ‘रद्द करा’ ह्या शब्दावरही. दोन्ही शब्द बरोबरच होते! मग चुकले कोठे, हे शोधायला मी बसलो. आपल्याच एका सभासदाची मुलगी पुण्यात प्रोग्राम लिहिण्याचे काम करते. ती सुट्टीला गावी आली असता तिच्याकडून जे समजून घेतले ते ह्या लेखात मांडत आहे.

तिने पहिली गोष्ट सांगितली ती शब्दांच्या वहीची. प्रोग्राम लिहिणारा पडद्यावरची वाक्ये प्रोग्रामच्या पोटात लिहीत नाही, निदान लिहू नयेत. तो ती वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो. डाव्या हाताला मूळ इंग्रजी वाक्य, उजव्या हाताला मराठी. प्रत्येक भाषेची वही वेगळी. मराठी माणसाने ॲप उघडले की प्रोग्राम मराठीची वही काढतो आणि ओळीला ओळ लावून शब्द दाखवतो. १९९५ साली ‘गेटटेक्स्ट’ नावाचे एक फुकट साधन ह्याच कामासाठी जगापुढे आले आणि ते आजही चालू आहे. अँड्रॉइड फोनच्या ॲपमध्येही तीच तऱ्हा, फक्त तिथे प्रत्येक भाषेच्या शब्दांचा कप्पा वेगळा असतो.

व्यवस्था चांगली आहे. पण भाषांतर करणाऱ्याच्या हाती येते ती नुसती वही, पडदा येत नाही. त्याला दिसते फक्त ‘ओके’, त्याने लिहिले ‘ठीक आहे’. चाळीस ओळी खाली दिसते ‘कॅन्सल’, त्याने लिहिले ‘रद्द करा’. आणखी शंभर ओळी खाली तो प्रश्न. तिन्ही ओळी एका पडद्यावर एकत्र येऊन बसणार आहेत हे त्याला कोण सांगणार? ‘कॅन्सल’ म्हणजे तिथे ‘हा प्रश्न बंद कर, काही करू नकोस’ असे होते. इंग्रजी वाचणारेसुद्धा अशा जागी फसतात असे ती मुलगी म्हणाली. उपाय सोपा निघाला. बटणावर होकार-नकार नको, कामच लिहावे. आता तिथे ‘होय, नोंद रद्द करा’ आणि ‘नको, नोंद राहू द्या’ अशी बटणे आहेत. सभासदांनी ॲप नवीन करून घेतले नसेल तर घ्यावे.

ह्यानंतर मी सगळी यादी पुन्हा काढली, आणि ह्या वेळी फोन शेजारी ठेवून प्रत्येक शब्द पडद्यावर पाहिला. मग एकेक गंमत बाहेर येऊ लागली.

‘रिकव्हरी’ हा शब्द घ्या. साखर कारखान्यात ह्या एका इंग्रजी शब्दाचे दोन धंदे आहेत. रासायनिक विभागात रिकव्हरी म्हणजे साखर उतारा. हिशेब विभागात रिकव्हरी म्हणजे वसुली, म्हणजे सोसायटीचे कर्ज, खत, बेणे यांची बिलातून होणारी कपात. पण वहीचा नियम असा की एक इंग्रजी शब्द दहा ठिकाणी आला तरी त्याची ओळ एकच. आमच्या भाषांतरकाराने ‘उतारा’ लिहिले, आणि झाले, बिलाच्या पडद्यावर कपातीच्या रकान्याला ‘उतारा’ असे नाव पडले. एका सभासदाने गटकार्यालयात येऊन विचारले, “अहो, सातबाराच्या उताऱ्याला एवढे पैसे कधीपासून?” आम्ही हसलो, पण त्यांच्या दृष्टीने प्रश्न बिनतोड होता.

‘प्लांट’चेही तसेच. लागण, रोप आणि कारखाना हे तिन्ही प्लांटच. खोडव्याच्या शेजारी ‘लागण’ असायला हवे तिथे ‘कारखाना’ असे छापून आले होते. ‘ॲडव्हान्स’ला ‘प्रगत’ केले होते, त्यामुळे पहिली उचल झाली ‘पहिली प्रगत’. आपला भाव प्रगत झाला असता तर कोणाची तक्रार नव्हती! असो. अशा शब्दांसाठी वहीत प्रत्येक ओळीला संदर्भाची खूण लावता येते, म्हणजे ‘रिकव्हरी, बिल’ आणि ‘रिकव्हरी, साखर’ ह्या दोन वेगळ्या ओळी होतात. ही खूण प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच लावायची असते. त्याला उतारा आणि वसुली यांतला फरक ठाऊक नसेल तर तो ती लावणार नाही. म्हणून हे काम नुसते पुण्या-मुंबईच्या टेबलावर होणारे नव्हे.

शब्द बरोबर आले तरी वाक्य बसेलच असे नाही. प्रोग्रामला वाक्ये जोडायची सवय असते. एक शब्द यादीतून उचलायचा आणि त्याला ‘चा’, ‘ची’, ‘ला’ चिकटवायचे. इंग्रजीत हे खपते, कारण तिथे शब्द आपले रूप बदलत नाही. आपल्याकडे ‘ऊस’ला ‘चा’ लागला की ‘उसाचा’ होतो, ‘खोडवा’चा ‘खोडव्याचा’ होतो. यंत्राने केले ‘ऊसचा भाव’ आणि ‘खोडवाचा भाव’. तसेच ‘जमा झाला’. ऊस जमा झाला, रक्कम जमा झाली, बिल जमा झाले. प्रोग्रामला तिन्हींसाठी एकच ‘झाला’ ठाऊक, म्हणून फोनवर मेसेज आला, ‘रक्कम जमा झाला’. आपल्या एका सभासद भगिनीने तो खोटा मेसेज समजून पुसून टाकला. तिने चूक केली असे मी म्हणणार नाही. फसवणुकीचे मेसेज अशाच मोडक्या मराठीत येतात आणि आपणच तिला सांगत असतो की असल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका.

ह्याला तोड एकच. जोडाजोडी न करता प्रत्येक वाक्य अख्खे लिहायचे. आकडा आणि नाव यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि त्या मागे-पुढे करण्याची मोकळीक भाषांतरकाराला द्यायची. एकवचन-अनेकवचनाचेही खाते वहीत असते. आपल्याला दोन रूपे पुरतात, ‘१ गाडी’ आणि ‘२ गाड्या’. जपानीला एकच पुरते. अरबीला सहा लागतात! आपले बरे म्हणायचे.

आता दुसरा प्रश्न, भाषा ओळखण्याचा. वही मराठीची तयार असली तरी ती काढायची कोणासाठी हे प्रोग्रामला कळावे लागते.

फोनच्या पोटात भाषेचे नाव खुणेने लिहिलेले असते. मराठीची खूण ‘एमआर’, हिंदीची ‘एचआय’, कन्नडची ‘केएन’, इंग्रजीची ‘ईएन’. पुढे देशाची खूण, आपली ‘आयएन’. ॲप उघडले की प्रोग्राम फोनला विचारतो, मालकाची भाषा कोणती? २०१६ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून फोनमध्ये एक सोडून अनेक भाषा क्रमाने लावून ठेवता येतात. पहिली मराठी, दुसरी हिंदी, तिसरी इंग्रजी, अशी. प्रोग्राम ती यादी वरून खाली पाहत जातो. पहिल्या भाषेची वही आपल्याजवळ आहे का? नसेल तर दुसरीची? एकही नसेल तर जी मूळची ती, आणि ती बहुधा इंग्रजीच असते. मराठी वहीत एखादी ओळ कोरी राहिली असेल तर त्या ओळीपुरतीही हीच पाळी येते. मराठी पडद्याच्या मधोमध एखादे वाक्य इंग्रजीत उभे दिसते, उसाच्या सरीत मक्याचे धाट उगवावे तसे, त्याचे कारण हेच.

इंटरनेटवरच्या पानांचेही असेच चालते. ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर आपल्या भाषांची यादी पाठवतो आणि तिच्यात प्रत्येक भाषेपुढे पसंतीचे वजनही लिहितो. पहिलीला पूर्ण एक, पुढच्यांना नऊ दशांश, आठ दशांश असे. काटा इथेही आहे म्हणायचा.

पण आमचा काटा इथेच चुकला. पहिल्या वर्षी ॲप फक्त फोनला विचारत होते. आणि आपल्या किती सभासदांचा फोन मराठीत आहे? दुकानदार फोन विकताना चालू करून देतो तो इंग्रजीत, आणि तो तसाच राहतो. मालक मराठीत मेसेज लिहितो, मराठीत व्हॉट्सॲप करतो, पण फोनला विचाराल तर तो सांगणार ‘ईएन-आयएन’. परिणामी मराठी वही तयार असूनही पुष्कळांना ॲप इंग्रजीत दिसले आणि मराठी कोठे आहे म्हणून बोलणी आम्हाला बसली. सीमेपलीकडच्या गावांतल्या काही सभासदांचे फोन कन्नडमध्ये आहेत. कन्नडची वही आमच्याजवळ नव्हती, म्हणून त्यांनाही इंग्रजीच मिळाले. वास्तविक ही मंडळी मराठी चांगली वाचतात.

सभेत एक सूचना आली की कारखाना महाराष्ट्रात आहे, तेव्हा सगळ्यांना सरसकट मराठीच दाखवावे, फोनला विचारूच नये. ऐकायला बरे वाटते. पण माणूस कोठे उभा आहे यावरून त्याची भाषा ठरत नाही. आपल्याकडे वाहने घेऊन येणारे काही चालक हिंदी वाचतात, आणि त्यांनाही खेपेची स्लिप ह्याच ॲपवर पाहावी लागते. जागेवरून भाषा ताडणारे प्रोग्राम जगात आहेत आणि परगावी गेलेल्या माणसाला ते हटकून त्रास देतात.

शेवटी असे ठरले की फोनला विचारावे, पण माणसालाही एकदा विचारावे. पहिल्यांदा ॲप उघडले की भाषांची नावे येतात, प्रत्येक नाव त्या त्या भाषेच्या लिपीत. ‘मराठी’ हे मराठीत आणि कन्नडचे नाव कन्नड लिपीत. (कन्नडची वही आता तयार होत आली आहे.) ही साधी गोष्ट आम्हाला आधी सुचली नव्हती. पूर्वी ती यादी इंग्रजीत होती. एका आजीबाईंच्या फोनवर नातवाने खेळता खेळता भाषा इंग्रजी करून टाकली, आणि परत मराठीवर येण्याची वाट इंग्रजी पाट्यांनी भरलेली! काडेपेटी शोधायला दिवा लावावा लागावा तसे झाले. आता ‘मराठी’ हा शब्द पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम दिसतो, भाषा कोणतीही चालू असो.

आणखी एक सोय सभासदांना माहीत असावी. २०२२ साली आलेल्या अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून फोन इंग्रजीत ठेवूनही एखादे ॲप तेवढे मराठीत लावता येते, ॲप बनवणाऱ्याने तशी तरतूद केली असेल तर. सेटिंगमध्ये भाषेच्या भागात ॲपच्या भाषांचे पान असते. घरातल्या पोरांना विचारा.

आकड्यांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण त्यात पैसा आहे. फोनमध्ये प्रत्येक भाषेच्या चालीरीतींचे एक टिपण असते. महिन्यांची नावे, तारीख लिहिण्याची पद्धत, आकडे. ते ‘युनिकोड’ ही संस्था सांभाळते. त्या टिपणात मराठीचे आकडे देवनागरी धरले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी वळणाचे. त्यामुळे मराठीत लावलेल्या फोनवर क्षेत्र ‘०.६०’ असे देवनागरीत उमटते. वाचायला छान. पण आमच्या चाचणीत प्रोग्रामने हीच देवनागरी अक्षरे जशीच्या तशी हिशेबाला पाठवली. तिकडच्या संगणकाला तो दशांशी आकडा वाचता आला नाही आणि त्याने क्षेत्र शून्य धरले. ज्याने फोन मराठीत ठेवला त्याचाच प्लॉट गायब! हे ॲप सभासदांच्या हाती जाण्यापूर्वी सापडले, नाहीतर काय झाले असते ते बोलायला नको. हिशेबाला जाणारे आकडे नेहमी एकाच ठरलेल्या वळणाचे ठेवावेत आणि पडद्यावर दाखवताना तेवढे मराठी करावेत, असा नियम आहे. तो आता पाळला जातो.

तरीही एक अडचण उरते. मराठी चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी एक हा इंग्रजी नवासारखा. मराठी न वाचणाऱ्या चालकाने वजन भलतेच वाचले असे दोनदा घडले. माझ्या मते काट्याच्या पावतीवर निव्वळ वजन अक्षरीही छापावे, चेकवर रक्कम लिहितात तसे. काटा विभागाचे म्हणणे आहे की कागद पुरत नाही. विषय संचालक मंडळापुढे आहे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ‘ऐका’ हे बटण ठेवले आहे. त्याचीही गंमत झाली. मजकुरावर भाषेची खूण चुकून हिंदीची पडली होती आणि लिपी तर दोन्हींची एकच. यंत्राने आपली मराठी हिंदी आवाजात वाचली आणि जनावरांच्या चाऱ्याचा उच्चार ‘चार’ रुपयांतल्या ‘चा’ने केला. खूण बदलल्यावर आवाज सुधारला.

शब्दांच्या निवडीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते इथे नोंदवतो. संगणकाचे मराठी करण्याचे काम आपण पहिले नाही. फायरफॉक्स, लिबरऑफिस अशी मोठी सॉफ्टवेअर मराठीत आहेत आणि त्यांतले पुष्कळ काम लोकांनी हौसेने, फुकट केलेले आहे. २००८ साली सुरू झालेल्या ‘फ्युएल’ ह्या खुल्या प्रकल्पात नेहमी लागणारे शब्द वेचून ते भाषेच्या जाणकारांनी एकत्र बसून ठरवावेत अशी पद्धत घालून दिली गेली. त्या कष्टांबद्दल आदर आहे. पण ‘परवलीचा शब्द’ म्हटले की आपला सभासद थबकतो आणि ‘पासवर्ड’ म्हटले की तो लिहायला लागतो. ‘सादर करा’पेक्षा ‘पाठवा’ बरे. उलट ‘रटून’ असे कोणी लिहिले तर मी ते खोडून ‘खोडवा’च लिहीन, कारण तो आपला शब्द आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे बांधावर उभे राहून फोनवर पीक नोंदवायची सवय आपल्याला लागलीच आहे. उन्हात, ओल्या हाताने, चष्मा घरी विसरलेला असताना जो शब्द पटकन कळतो तोच पडद्यावर हवा.

सुधारलेल्या शब्दांची यादी सर्व गटकार्यालयांत ठेवली आहे. पाने सदतीस आहेत. त्या वेळी इंग्रजी डावीकडे होते, ह्या वेळी मराठी डावीकडे घेतले आहे आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या पडद्यावर येतो त्याचे चित्र दिले आहे. सभासदांनी वाचून समासात लाल पेनाने खुशाल लिहावे. तात्यांनी पहिली सहा पाने वाचून झाली आहेत.

एका शब्दावर मात्र अजून एकमत नाही. लागणीचा प्रकार निवडायच्या पडद्यावर ‘आडसाली’, ‘पूर्वहंगामी’, ‘सुरू’ आणि ‘खोडवा’ अशी चार बटणे आहेत. गेल्या वर्षी काही आडसालीवाल्यांनी, नोंद सुरू करायची म्हणून, ‘सुरू’ दाबले. शेतकी खात्याचे म्हणणे ‘सुरू (जानेवारी-फेब्रुवारी)’ असे लिहावे. तात्या म्हणतात, चारही बटणांवर नुसते महिने लिहा, नाव आम्ही ओळखू.